लातीना लेखिकांच्या गप्पांना जाताय? माइक हातात घ्यायच्या आधी थोडं वाचा

आधी माझा पोपट कसा झाला ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी कशावरून बोलतेय ते कळेल. न्यू जर्सीतली एक लायब्ररी, आठवड्यातली कुठलीशी संध्याकाळ, पन्नासेक फोल्डिंगच्या खुर्च्या, पुढे टेबलावर पाण्याचे दोन ग्लास, एक लातीना (म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली) लेखिका आणि तिला बोलतं करायला एक प्राध्यापक बाई. कादंबरी बॉर्डर ओलांडून आलेल्या कुटुंबाची होती आणि मी ती खरं सांगायचं तर अर्धीच वाचली होती. प्रश्नांची वेळ झाली, कोणीच हात वर करेना, मला ती शांतता सहन होईना म्हणून मी माइक घेतला आणि विचारलं, "हे सगळं तुमच्या बाबतीत खरंच घडलंय का?" लेखिका हसली, म्हणाली ही कादंबरी आहे, आणि पाणी प्यायली. बस. माझ्यामागे एक कॉलेजची मुलगी उभी राहिली, तिने विचारलं की आईचं प्रकरण सगळ्यात छोटं का ठेवलंत, बाकी सगळे पानंच्या पानं बोलतात आणि आई तीन पानांत गप्प होते. तर लेखिका खुर्चीत सरसावून बसली आणि पुढची दहा मिनिटं थांबलीच नाही.

त्या दिवसापासून मी असे बरेच कार्यक्रम बघितलेत, प्रत्यक्ष आणि झूमवर पण, आणि आमचा पाच-सहा जणींचा मराठी वाचनाचा ग्रुप आहे तिथेही हीच पुस्तकं घेतो. त्यातून जे कळलं ते इथे टाकतेय. ज्यांना जायचंय त्यांनी वाचा, ज्यांना घरीच पुस्तकावर गप्पा करायच्यात त्यांनाही उपयोग होईल.

पहिलं म्हणजे कधी आणि कुठे. अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक हेरिटेज मंथ, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांचा वारसा साजरा करायचा महिना असतो, अशा कार्यक्रमांचा सीझन तोच. (महिना मधूनच का सुरू होतो म्हणाल तर १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन, आणि मेक्सिकोचा दुसऱ्याच दिवशी.) मग नोव्हेंबरात मायामी बुक फेअर, तिथे इंग्रजीसोबत स्पॅनिशमधलेही कार्यक्रम असतात. न्यूयॉर्कजवळ असाल तर वॉशिंग्टन हाइट्समधलं वर्ड अप नावाचं पुस्तकांचं दुकान बघून या, वस्तीतल्या लोकांनी व्हॉलंटिअर करून चालवलेलं आहे. पण हे सगळं सोडा, तुमच्या गावच्या लायब्ररीचं कॅलेंडर आधी बघा, तिथे बहुतेक फुकट असतं. दुकानातल्या कार्यक्रमाला कधीकधी तिकिटात पुस्तक धरलेलं असतं, ते बुक करताना नीट बघा, नाहीतर घरी दोन कॉप्या होतात (माझ्याकडे आहेत, कोणाला हवी असेल तर सांगा). पुण्या-मुंबईतून झूमवर बघणार असाल तर संध्याकाळी ७ चा न्यूयॉर्कचा कार्यक्रम म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार, आणि अमेरिकेतली घड्याळं थंडीसाठी मागे गेली की साडेपाच. रेकॉर्डिंग मिळतं का ते रजिस्ट्रेशन करतानाच विचारून घ्या.

आता शब्द. आपल्याकडे सर्रास "ती स्पॅनिश आहे" म्हणतात, अगदी इथे वीस वर्षं राहिलेली मंडळीसुद्धा. स्पॅनिश म्हणजे स्पेनची. म्हणजे तुम्हाला कोणी इंग्लिश बोलता म्हणून इंग्लंडची म्हटलं तर कसं वाटेल तसं ते. लातीना म्हणजे जिचं मूळ लॅटिन अमेरिकेत आहे अशी बाई, पण त्याच्या आत डोमिनिकन वेगळी, क्युबन वेगळी, मेक्सिकन वेगळी आणि कोलंबियन वेगळी. सगळ्यांना एका पिशवीत घालू नका, कारण यांचे इमिग्रेशनचे रस्तेच वेगळे आहेत आणि कादंबरीतलं अर्धं टेन्शन त्या रस्त्यातून येतं. क्युबातून येणाऱ्यांसाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे, त्यामुळे ग्रीन कार्डाची वाट त्यांना बाकीच्यांपेक्षा बरीच सोपी होती, मेक्सिकोतून चालत आलेल्या माणसाला तसं काहीच नाही. आणि प्वेर्तो रिकोवाल्यांना (हे अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट) तर इमिग्रंट म्हणूच नका! १९१७ पासून ते अमेरिकेचे नागरिक आहेत. तिथलीच लेखिका एस्मेराल्दा सांतियागो तेरा वर्षांची असताना १९६१ साली आईबरोबर न्यूयॉर्कला आली, तिने त्यावर जे लिहिलंय ते घर सुटण्याबद्दल आणि भाषेबद्दल आहे, व्हिसाबद्दल नाही. अशा लेखिकेला "तुम्हाला सिटिझनशिप कधी मिळाली" विचारणारे काका मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत, हॉलमध्ये जी काय शांतता पसरली ती विचारू नका.

उच्चाराचं एक सांगते, यात आपण मराठी लोक फायद्यात आहोत. स्पॅनिशमधला त आणि द आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणायचा, र आपल्यासारखाच खणखणीत, त्यामुळे अमेरिकन लोकांना जमत नाही ते आपल्याला फुकटात जमतं. लॅटिना नाही, लातीना. इंग्रजी 'जे' (J) आला की ह म्हणायचा, दोन एल आले की बहुतेक ठिकाणी य, आणि एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ असली की न्य, सेन्योरातला. नावं आधी देवनागरीत कागदावर लिहून घ्या, इंग्रजी स्पेलिंग बघून बोलायला गेलात की घसरलात. लेखिका स्वतःचं नाव कसं म्हणते ते मात्र तिथे ऐका आणि तेच धरा, कारण इथे वाढलेल्या बऱ्याच जणी नाव इंग्रजी वळणानेच सांगतात.

पुस्तक पूर्ण वाचून जा. हे सांगायला लागू नये पण लागतं. आणि वाचताना गोष्ट काय यापेक्षा ती कशी मांडलीय तिकडे लक्ष ठेवा, कारण चांगले प्रश्न सगळे तिथेच असतात. दोन-तीन उदाहरणं देते.

हूलिया अल्वारेसची 'हाऊ द गार्सिया गर्ल्स लॉस्ट देअर ॲक्सेंट्स', १९९१ ची. (इंग्रजीत सगळे ज्युलिया अल्वारेझच म्हणतात.) चार बहिणी, डोमिनिकन रिपब्लिकमधून न्यूयॉर्कला आलेल्या. अल्वारेसच्या वडिलांचा त्रुहियो या हुकूमशहाविरुद्धच्या कटात हात होता, म्हणून घरच्यांना १९६० मध्ये पळून यावं लागलं, तेव्हा ती दहा वर्षांची. पण पुस्तक उलटं चालतं! म्हणजे सुरुवातीला बहिणी मोठ्या झालेल्या आहेत, मग पानं उलटतील तशा लहान होत जातात आणि शेवटी आपण त्यांच्या लहानपणच्या घरी, बेटावर पोचतो. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, दोनदा मागे जाऊन बघितलं. नंतर आमच्या ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, "अगं आपण तरी आठवतो कसं, आजपासून मागेच जातो ना," आणि मला एकदम ठाण्याचं घर आठवलं, की मलाही त्याचा शेवटचा दिवस आधी आठवतो, कुलूप लावतानाचा, आणि मग हळूहळू मागचं. आता हा प्रश्न घेऊन जा, की उलट क्रम का, सरळ लिहिलं असतं तर काय हरवलं असतं. यावर कोणतीही लेखिका बोलेल.

त्यातलीच एक बहीण योलांदा, तिच्या नावाचं इथे येऊन यो, योयो आणि चक्क जो होतं. आपल्यात मृण्मयीची मॅरी झालेली बघितलीये मी, त्यामुळे वेगळं समजावून सांगायला लागलं नाही.

आणि "हे खरंच घडलंय का" या प्रश्नाचं काय होतं तेही अल्वारेसकडूनच शिका. तिने १९९७ मध्ये 'यो' नावाची पुढची कादंबरी लिहिली. यो म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मी', आणि योलांदाचं लाडाचं नावही. त्याची सुरुवातच अशी की योलांदाने पुस्तक लिहून घरच्यांना त्यात घातलंय म्हणून बहीण जाम भडकलीये. म्हणजे बघा, खरं किती खोटं किती यावर बाईने अख्खी कादंबरी खर्च केलीये, तुम्ही माइकवर उभं राहून एका वाक्यात काय विचारणार.

दुसरं, आणि हे आपल्या एच-वन-बी वाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी, तर वाचाच, क्रिस्तीना एन्रीकेसची 'द बुक ऑफ अननोन अमेरिकन्स', २०१४. मेक्सिकोतलं एक जोडपं, मुलीच्या डोक्याला मार लागलेला, तिला स्पेशल शाळा मिळावी म्हणून ते डेलावेअरला येतात. लपून नाही, नीट व्हिसा घेऊन. मेक्सिकोत स्वतःचा धंदा असलेला बाप इथे येऊन मशरूमच्या फार्मवर अंधारात उभा राहून मशरूम तोडतो. आणि मग नोकरी जाते. नोकरी गेली की व्हिसा गेला. मी ते प्रकरण रात्री किचनमध्ये उभ्यानेच वाचलं, भाजी गॅसवर, कारण आमच्याकडे त्याच वर्षी नवऱ्याच्या टीममधल्या तिघांची नोकरी गेली होती आणि घरात साठ दिवस, साठ दिवस हा एकच शब्द चालला होता. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला एच-वन वाल्यांना साठ दिवस मिळतात ते. तर या पुस्तकात बिल्डिंगमधले शेजारी मध्येमध्ये एकेक प्रकरण बोलून जातात, कोणी पनामाचा, कोणी ग्वाटेमालाचा, कोणी निकाराग्वाचा, आणि एकदा बोलून परत येत नाहीत. ते एकदाच का बोलतात? विचारा. आणि ज्या मुलीसाठी सगळे आले तिचा स्वतःचा आवाज पुस्तकात नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? माझ्या आलं नव्हतं, दुसऱ्या वाचनात कळलं.

अँजी क्रूझचं 'डोमिनिकाना' (२०१९) घ्या तर साल लक्षात ठेवा, गोष्ट १९६५ ची आहे. पंधरा वर्षांच्या आनाचं लग्न दुप्पट वयाच्या माणसाशी लावून तिला वॉशिंग्टन हाइट्सच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवतात, समोरच ऑड्युबॉन बॉलरूम, जिथे त्याच फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याला गोळ्या घातल्या. क्रूझने सांगितलंय की हे तिच्या आईच्या आयुष्यावरून सुचलं. तिचंच २०२२ चं पुस्तक तर अजून मजेशीर, नोकरी गेलेली छप्पन वर्षांची कारा रोमेरो सरकारी रोजगार कार्यक्रमातल्या बाईसमोर बसते आणि बारा सेशनमध्ये आपलं सगळं आयुष्य बडबडून टाकते, मध्येमध्ये तिचे नोकरीचे अर्ज आणि घरभाड्याची बिलं छापलेली. नाव आहे 'हाऊ नॉट टू ड्राउन इन अ ग्लास ऑफ वॉटर', ग्लासभर पाण्यात बुडणं हा स्पॅनिश वाक्प्रचार आहे, आपल्या राईचा पर्वत करण्याजवळचा. ऑडिओबुक ऐका त्याचं, बडबड कानांनीच घ्यायची असते.

आता प्रश्न कसा तयार करायचा. माझी पद्धत एकदम बाळबोध आहे. वाचताना पोस्ट-इट लावते, शेवटी पंधरा-वीस होतात, त्यातले जिथे मी अडखळले किंवा चिडले तेवढे तीन ठेवते. मग प्रत्येकावर एक प्रश्न, पान नंबरसकट, दोन वाक्यांत. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघते. तीस सेकंदांच्या वर गेला तर तो प्रश्न नाही, ते भाषण आहे. "मला प्रश्न नाही, फक्त कमेंट करायची आहे" असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक कार्यक्रमात असतो, मंडळाच्या सभेत असतो तोच, फक्त इथे इंग्रजीत बोलतो.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा, लेखिकेच्या कागदपत्रांबद्दल विचारायचं नाही. तुम्ही कशा आलात, आई-वडिलांकडे पेपर्स होते का, आता आहेत का, हे प्रश्न भर हॉलमध्ये विचारले तर त्याचं उत्तर तिच्या घरातल्या कोणालातरी महागात पडू शकतं. तिने स्वतः लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे रेयना ग्रांदे घ्या, ती मेक्सिकोतल्या इग्वालाची, नऊ-दहा वर्षांची असताना १९८५ मध्ये विनाकागद बॉर्डर ओलांडून आली, हे तिनेच आपल्या आठवणींच्या पुस्तकात छापलंय. पण तिथेसुद्धा "कसं वाटलं होतं" यापेक्षा बरा प्रश्न आहे, की २००६ मध्ये आधी कादंबरी आली आणि आठवणी सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, तर आधी कादंबरीचा आडोसा का लागला. बघा, विषय तोच आहे, पण आता तुम्ही लेखिकेशी बोलताय, साक्षीदाराशी नाही.

हा साक्षीदाराचा मुद्दा माझ्या डोक्यात बसला तो वालेरिया लुईसेलीमुळे. ती मेक्सिकोची, २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात एकट्या आलेल्या मुलांसाठी दुभाषाचं काम करत होती. मुलांना विचारायचा एक छापील फॉर्म, चाळीस प्रश्नांचा. पहिलाच प्रश्न, अमेरिकेत का आलास? पाच-सात वर्षांची पोरं, त्यांना काय सांगता येणार, आणि उत्तर धड आलं नाही तर वकील मिळणं अवघड. तिने त्या चाळीस प्रश्नांवरच 'टेल मी हाऊ इट एंड्स' हा छोटा निबंध लिहिला, २०१७ मध्ये इंग्रजीत आला, शंभर-सव्वाशे पानांचा आहे, एका रविवारी होतो. त्यानंतर कादंबरी 'लॉस्ट चिल्ड्रन आर्काइव्ह', २०१९. मी म्हणेन निबंध आधी वाचा आणि मग कोणत्याही कार्यक्रमाला जा, कारण तो फॉर्म एकदा डोळ्यांखालून गेला की "तुम्ही इथे का आलात" हा प्रश्न माइकवर तोंडातून निघतच नाही. आणि हो, त्या निबंधाची सुरुवात होते तेव्हा लुईसेली स्वतः ग्रीन कार्डाची वाट बघत असते. आमच्या ग्रुपमध्ये हे वाचून एकजण नुसतीच "हं" म्हणाली, तिची रांग बारा वर्षं चाललीये.

यावरूनच पुढचं. आपलं आणि त्यांचं जोडून बोलायचा मोह होतोच, माझाही होतो. जोडा, पण नीट जोडा. ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झालेल्या इमिग्रेशनच्या कायद्याने आपल्यासारख्यांना दार उघडलं, देशांप्रमाणे ठरलेले जुने कोटे गेले, आपले डॉक्टर-इंजिनिअर काका-मामा त्याच दारातून आले. पण त्याच कायद्याने अमेरिका खंडातल्या देशांवर पहिल्यांदाच वार्षिक मर्यादा घातली, वर्षाला १,२०,०००, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ च्या शेवटी, मेक्सिकन शेतमजुरांना बोलावणारा ब्रासेरो कार्यक्रमही बंद झाला होता. काम तेच राहिलं, माणसं तीच येत राहिली, फक्त आता ती बेकायदा ठरली. त्यामुळे "आम्ही पण इमिग्रंट, पण आम्ही लायनीत उभे राहिलो" हे वाक्य तिथे बोलायच्या आधी ती लाइन कोणाला होती आणि कोणाला नव्हती हे माहीत असू द्या. आपली गुजरात-पंजाबची डंकीवाली, म्हणजे चोरवाटेने निघालेली, पोरंही त्याच मेक्सिकोच्या बॉर्डरवर असतात, ते तर आपण हळू आवाजातच बोलतो.

कार्यक्रमात कोणीतरी हमखास 'अमेरिकन डर्ट' काढणार, तयारी ठेवा. जानेवारी २०२० मध्ये आलेली जेनीन कमिन्सची कादंबरी, मेक्सिकोतून पळणाऱ्या आई-मुलाची, टीव्हीवाल्या ओप्रा विन्फ्रीने आपल्या बुक क्लबसाठी निवडली, धो धो खपली, आणि मिरियम गुर्बासारख्या चिकाना (मेक्सिकन मुळांच्या अमेरिकन) लेखिकांनी ती फाडून खाल्ली, की मेक्सिको खोटा आहे आणि आमच्या गोष्टींना जे पैसे कधी मिळत नाहीत ते याला मिळाले. प्रकाशकाने लेखिकेचा दौराच रद्द केला, सुरक्षेचं कारण देऊन. माझं मत विचाराल तर हा वाद वाचण्यासारखा आहे पण दुसऱ्या लेखिकेच्या कार्यक्रमात तिला "त्या पुस्तकाबद्दल काय वाटतं" विचारणं म्हणजे एका बाईच्या डोहाळजेवणाला जाऊन शेजारणीच्या घटस्फोटाची चौकशी करणं. ती स्वतः बोलली तर ऐका.

स्पॅनिश शब्दांचं भाषांतर का दिलं नाही, अशी तक्रारही ऐकू येते. बऱ्याच लेखिका मुद्दाम देत नाहीत आणि तिरप्या टाइपातही छापू देत नाहीत, कारण घरात बोलताना कोणी तिरपं बोलत नाही. आपण "अगं पासवर्ड विसरले" म्हणताना पासवर्ड तिरपा म्हणतो का? अडलं तर फोनवर बघा, दोन शब्द मात्र आधीच माहीत असलेले बरे: कोयोते म्हणजे पैसे घेऊन बॉर्डर पार करून देणारा, आणि ला मीग्रा म्हणजे इमिग्रेशनचे पोलीस.

घरचा ग्रुप असेल तर लेखिकेला झूमवर बोलवता येतं बरं का, नवीन पुस्तक आलं असेल तर जास्तच. तिच्या वेबसाइटवर पब्लिसिस्टचा, म्हणजे प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसाचा ईमेल असतो, दोनेक महिने आधी लिहा, किती जणी आहोत, कोणतं पुस्तक, किती वाजता हे तीन ओळीत. फी काय घेता हे तुम्हीच विचारा. आपल्याकडे लेखकाला नारळ आणि शाल दिली की झालं असं असतं, ते इथे चालवू नका. आम्ही एकदा सगळ्यांनी मिळून पुस्तकं विकतच घ्यायची असं ठरवलं, लायब्ररीतून नाही, आणि ते मेलमध्ये लिहिलं, तर अर्ध्या तासासाठी हो आलं. फक्त एक करा, त्या अर्ध्या तासात चहाचे कप, मिक्सर आणि "तुझा आवाज येत नाहीये गं" हे सगळं म्यूटवर ठेवा.

आणि शेवटची सहीची रांग. दुकानवाले आधी पोस्ट-इट देतात, त्यावर तुमचं नाव स्वच्छ लिहायचं म्हणजे लेखिकेला स्पेलिंग विचारायला लागत नाही. मागे वीस माणसं असतात, तेव्हा एकच वाक्य बोला, आणि माइकवर जो प्रश्न विचारायचा राहिला तो तिथे काढू नका. माझ्या पोस्ट-इटवर मी आता इंग्रजीखाली नाव देवनागरीतही लिहिते. गेल्या वेळी लेखिकेने ते बघितलं, विचारलं वरची ही आडवी रेघ आधी काढायची का नंतर, मी म्हटलं नंतर, आणि तिने पेन घेऊन हळूहळू अक्षरं जशीच्या तशी काढली, रेघ शेवटी, थोडी वाकडी. मागचा माणूस घड्याळ बघत होता.